रेखाटनवहीतून पुरातत्त्वाकडे : विष्णू श्रीधर वाकणकर

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. शेजारी इंदूर होळकरांचे, तर उज्जैन शिंद्यांचे. अठराव्या शतकात मराठी फौजांच्या पाठोपाठ कारकून, शास्त्री आणि शिक्षक यांची कुटुंबे माळव्यात गेली व तिथलीच झाली. या मराठी माळव्यात पुरातत्त्वाचा अभ्यास विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये शिळेवर कोरलेले ‘पारिजातमंजरी’ हे संस्कृत नाटक उजेडात आणले. परमार राजा अर्जुनवर्मा याचा राजगुरू मदन याच्या या नाटकाच्या चारपैकी दोनच अंक हाती लागले. शाळाखाते सांभाळता सांभाळता लिपी वाचणाऱ्यांची ही परंपरा होती. विष्णू श्रीधर वाकणकर तिचेच वारसदार. फरक इतकाच, की त्यांच्या हाती आधी पेन्सिल होती.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते उज्जैनला स्थिरावले आणि तेथे त्यांनी ‘भारती कलाभवन’ उभारले. चंबळ व नर्मदेच्या खोऱ्यांत पायी हिंडावे, जुनी पांढरीची टेकाडे पाहावीत, खापरे गोळा करावीत, दिसेल ते रेखाटावे, हा त्यांचा क्रम. उज्जैनला विक्रम विद्यापीठ आले ते १९५७ मध्ये. त्याच वर्षी भोपाळ-इटारसी मार्गावर रेल्वेच्या खिडकीतून त्यांना दूरवर विंध्याचे उघडे खडक दिसले. ते गाडीतून उतरले आणि रान तुडवीत तिथवर गेले. ती भीमबेटका. सातशेहून अधिक शैलाश्रयांचा हा समूह असून त्यांपैकी चारशेवर आश्रयांत चित्रे आहेत. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने ऐकीव माहितीवरून या जागेची बौद्ध स्थळ म्हणून नोंद केली होती. भिंतींवरील गवे, हरणे आणि शिकारी यांचे महत्त्व ओळखले ते वाकणकरांनी.

येथे चित्रकाराचा डोळा कामी आला. एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे, अशा थरांतून कोणते आधीचे हे रेषेच्या वळणावरून ठरवावे लागते. वाकणकरांनी या चित्रांच्या वीस शैली मानल्या. १९७० च्या दशकात त्यांनी भीमबेटकाला उत्खनन केले. हिरव्या रंगातील नाचऱ्या आकृती त्यांनी उत्तर पुराश्मयुगापर्यंत मागे नेल्या. त्या काळच्या थरांत सापडलेले हिरव्या मातीचे तुकडे हा त्यांचा आधार. सर्वांना हे पटले नाही. यशोधर मठपाल यांनी ही चित्रे मध्याश्मयुगापलीकडे नेण्यास नकार दिला. मठपालही मुळात चित्रकारच, हे विशेष. वाकणकरांचा निष्कर्ष घाईचा म्हणता येईल. पण वाद घालण्याजोगी सामग्री त्यांनीच पुढे ठेवली होती.

भीमबेटकाच्या प्रसिद्धीत त्यांचे दुसरे मोठे काम झाकोळते. देवासच्या उत्तरेला, छोट्या काली सिंधच्या काठी कायथा हे गाव आहे. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे मानतात. १९६४ मध्ये वाकणकरांनी तेथील टेकाडाचे महत्त्व हेरले आणि पुढच्याच वर्षी उत्खनन हाती घेतले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती तेथे उघडकीस आली. तांब्याच्या कुऱ्हाडी, २८ बांगड्या आणि शंखजिऱ्याचे सुमारे चाळीस हजार बारीक मणी मिळाले. माळव्यातील सर्वांत जुन्या शेतकऱ्यांना आज ‘कायथा संस्कृती’ हे नाव आहे.

एवढे सारे होईपर्यंत वाकणकरांना डॉक्टरेट नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली शैलचित्रांवरील प्रबंध पूर्ण झाला तो १९७३ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ आला आणि भारतीय शैलचित्रे जगभरच्या अभ्यासकांपुढे गेली.

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पाचच वर्षांनी, १९९३ मध्ये, आपल्याकडे कुशावतीच्या काठी उसगाळीमळची कातळशिल्पे प्रकाशात आली. ती त्यांना पाहता आली नाहीत. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा स्थळ ठरवले. प्रबंध पुस्तकरूपाने छापला गेला तो त्याच्याही नंतर, २००५ मध्ये.