बाबूराव अर्नाळकर

बाबूराव अर्नाळकर (९ जून १९०६ – ५ जुलै १९९६) हे मराठी रहस्यकथालेखक होते. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण होते. 'बाबूराव अर्नाळकर' हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव होय. त्यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठीतील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांमध्ये त्यांची गणना होत असे.

पार्श्वभूमी

अर्नाळकरांच्या आधी गो. ना. दातार यांनी इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे रहस्यमय व अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहून मराठीत या प्रकाराचा वाचक घडवला होता. त्या कादंबऱ्या विस्तृत होत्या. अर्नाळकरांनी याउलट एका बैठकीत वाचून होईल अशी, स्वस्त किमतीची छोटी पुस्तके लिहिली. त्यांच्या कथांवर इंग्रजी रहस्यकथांचा प्रभाव असला, तरी त्यांतील पात्रे, त्यांची नावे व वातावरण मराठी वाचकाला परिचित वाटेल असे होते. मुंबई शहर ही त्यांच्या अनेक कथांची पार्श्वभूमी आहे.

नायक आणि कथामालिका

अर्नाळकरांच्या लेखनाचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे पुनःपुन्हा येणारे नायक. झुंजार, काळापहाड आणि धनंजय ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय नावे. धनंजय हा गुप्तहेर असून छोटू हा त्याचा सहायक आहे. झुंजार व काळापहाड हे मात्र कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना धडा शिकवणारे नायक आहेत. काळापहाड म्हणजेच चंद्रवदन हे वाचकाला ठाऊक असते. कथेतील इतरांना ते ठाऊक नसते. कथेतील उत्कंठेचा बराचसा भाग या भेदावर उभा राहतो. प्रत्येक पुस्तक स्वतंत्रपणे वाचता येत असल्याने वाचकाला कोणत्याही भागापासून आरंभ करता येई.

सातत्य आणि दर्जा

दीर्घ कथामालिकेत पात्रांचे स्वभाव, नाती आणि पूर्वीच्या घटना यांचा मेळ राखणे कठीण असते. इंग्लंडमध्ये १८९३ साली अवतरलेल्या सेक्स्टन ब्लेक या गुप्तहेराच्या कथा अनेक लेखकांनी लिहिल्या. त्यामुळे नायक तोच राहिला तरी लेखनाची धाटणी बदलत गेली. दूरचित्रवाणीवरील गुन्हेविषयक मालिकांवर बेतलेल्या कादंबऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. अर्नाळकरांचे नायक त्यांच्या स्वतःच्याच लेखणीतून उतरत असल्याने त्यांच्या मालिकांना एकसंध धाटणी लाभली. नायकांची वये आणि परिस्थिती फारशी बदलत नसल्यामुळे घटनाक्रमातील विसंगती वाचकाला खटकत नसे.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. लेखनाचा वेग आणि प्रमाण यांमुळे कथानकांत पुनरावृत्ती होई, योगायोगांवर भर राही आणि व्यक्तिचित्रणाला फारसा वाव मिळत नसे. आधीच्या घटनांचे ओझे न बाळगल्याने मालिका अखंड चालली. परंतु त्याच कारणाने तिच्या नायकांची अनुभवांतून वाढ झाली नाही.

मूल्यमापन आणि प्रभाव

मराठी समीक्षेने अर्नाळकरांच्या लेखनाची दीर्घकाळ फारशी दखल घेतली नाही. रहस्यकथा हे केवळ करमणुकीचे वाङ्मय मानले जाई आणि ती वाचणाऱ्या मुलांना घरी अनेकदा बोलणी बसत. तथापि वाचनाची गोडी अर्नाळकरांच्या पुस्तकांमुळे लागली, असे पुढच्या पिढ्यांतील अनेक वाचकांनी नमूद केले आहे. छोटी वाक्ये, वेगवान संवाद आणि सोपी भाषा यांमुळे वाचनाची फारशी सवय नसलेला वाचकही ही पुस्तके शेवटपर्यंत वाचू शके.

त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आदी लेखकांनी ठरावीक नायकांच्या रहस्यकथामालिकांची ही परंपरा पुढे चालवली. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर अशा पुस्तकांचा वाचक घटत गेला. अर्नाळकरांची पुस्तके स्वस्त कागदावर छापली जात आणि हातोहाती फिरून जीर्ण होत. त्यामुळे त्यांचे समग्र लेखन एकत्र उपलब्ध होणे कठीण झाले असून त्यांच्या एकूण पुस्तकांच्या संख्येबाबतही निरनिराळे आकडे दिले जातात. मराठी लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासकांपुढे या लेखनाची सूची व जतन हे महत्त्वाचे काम आहे.