मज्जारज्जूवरचा भार उतरविणारा शल्यविशारद

मानदुखी, हाताला येणाऱ्या मुंग्या आणि गळ्याभोवतीचा पट्टा यांचे शहरी माणसाला आता नवल राहिलेले नाही. वयोमानाने मानेच्या मणक्यांमधील चकत्या झिजतात, मणक्यांच्या कडांवर हाडाची वाढ होते. बहुतेकांना औषधे आणि व्यायाम यांनी आराम पडतो. काही रुग्णांत मात्र ही वाढ थेट मज्जारज्जूवर दाबू लागते. चाल अडखळते, सदऱ्याची गुंडी लावणेही जमेनासे होते. अशा वेळी दाब दूर करणारी शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. या मार्गावरील अगदी आरंभीचे पाऊल ज्यांनी टाकले, ते ब्रिटिश शल्यविशारद म्हणजे सर व्हिक्टर हॉर्स्ले.

हॉर्स्ले यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. वडील जॉन कॅलकॉट हॉर्स्ले हे नामवंत चित्रकार. नाताळचे पहिले व्यावसायिक शुभेच्छापत्र त्यांनीच १८४३ मध्ये चितारले. विख्यात अभियंता ब्रुनेल हे व्हिक्टर यांच्या आत्याचे यजमान. कलावंतांच्या या घरातील मुलाने वैद्यकाची वाट धरली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण पूर्ण केले.

१८८४ मध्ये ते ब्राऊन इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. माकडांवरील प्रयोगांतून त्यांनी थायरॉइड ग्रंथीचे शरीरातील महत्त्व दाखवून दिले. पाश्चर यांच्या रेबीज प्रतिबंधक लसीची पडताळणी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सचिव होते. याच काळात मेंदूच्या कोणत्या भागाचे शरीराच्या कोणत्या हालचालीवर नियंत्रण असते, याचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १८८६ मध्ये क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकारांच्या रुग्णालयात त्यांची शल्यविशारद म्हणून नियुक्ती झाली, तेव्हा हे ज्ञान त्यांच्या हाताशी होते.

क्ष-किरणांपूर्वीचे धाडस

क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून नऊ वर्षे होती. रुग्णाची बधिरता कुठे सुरू होते, कोणता स्नायू दुबळा पडला आहे, हे तपासून दोषाची जागा ठरवावी लागे. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीने शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा सुरक्षित झाल्या होत्या, तरी मज्जारज्जूला हात लावण्यास फारसे कोणी धजावत नसे.

जून १८८७ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचा प्रश्न पुढे आला. वर्षानुवर्षे पाठीत असह्य कळा सोसल्यानंतर त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले होते. मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी मज्जारज्जूवर गाठ असल्याचे निदान केले. हॉर्स्ले यांनी ठरलेल्या जागी मणके उघडले, पण तेथे गाठ दिसली नाही. त्यांनी माघार न घेता आणखी वरचे हाड काढले, आणि गाठ सापडली. कालांतराने रुग्ण चालू लागला, कामावरही परतला. मज्जारज्जूवरील गाठ निदान करून यशस्वीपणे काढल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

मानेच्या विकारांच्या दृष्टीने महत्त्वाची शस्त्रक्रिया त्यानंतर, १८९२ मध्ये झाली. हातापायांतील शक्ती गमावत चाललेल्या एका रुग्णाच्या मानेच्या सहाव्या मणक्याची मागची कमान हॉर्स्ले यांनी काढून टाकली. आत हाडाचा एक आडवा उंचवटा मज्जारज्जूवर दाब देत होता. वरचे छत निघाल्याने मज्जारज्जूला जागा मिळाली आणि रुग्ण सुधारला. ‘लॅमिनेक्टमी’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही वापरात आहे. हाडातून होणारा रक्तस्राव थांबविण्यासाठी हॉर्स्ले यांनी प्रचारात आणलेल्या मेणाचा उपयोगही शल्यचिकित्सक करतात.

त्या उंचवट्यामागील झिजेचे चित्र स्पष्ट होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांनी १९५२ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्याच दशकात अमेरिकेत स्मिथ, रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी गळ्याच्या पुढील बाजूने चकती काढून मणके सांधण्याच्या पद्धती रूढ केल्या. पुढे जपानी शल्यचिकित्सकांनी मागची कमान काढून न टाकता ती दारासारखी उघडून ठेवण्याची युक्ती शोधली.

लोकप्रियतेची पर्वा नाही

१९०२ मध्ये हॉर्स्ले यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९०८ मध्ये रॉबर्ट क्लार्क यांच्यासह त्यांनी मेंदूतील नेमक्या बिंदूपर्यंत पोहोचणाऱ्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. मात्र मानसन्मानांनी त्यांची जीभ बोथट झाली नाही. मद्यपानाविरुद्ध ते कडवेपणाने बोलत. स्त्रियांच्या मताधिकाराचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला. प्राण्यांवरील प्रयोगांमुळे झालेली टीकाही त्यांनी अंगावर घेतली. या आग्रही स्वभावाने त्यांना शत्रू मिळवून दिले. पार्लमेंटमध्ये जाण्याची इच्छाही अपुरी राहिली.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, तरीही ते लष्करी सेवेत गेले. इजिप्तनंतर १९१६ मध्ये ते स्वेच्छेने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पोहोचले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कुट येथे वेढ्यात सापडलेल्या पुणे डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली होती. तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. त्या आघाडीवर जखमींचे हाल होत होते. वैद्यकीय व्यवस्थेतील अनास्थेविरुद्ध हॉर्स्ले यांनी तेथेही आवाज उठविला. अखेर १६ जुलै १९१६ रोजी अमारा येथे उष्माघाताने त्यांचे निधन झाले. ते ५९ वर्षांचे होते.

अमाराच्या युद्धस्मशानभूमीतच त्यांना चिरविश्रांती मिळाली. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्वतःच्या हाताने गुंडी लावणाऱ्या रुग्णाला त्यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. त्याच्या बोटांत परतलेल्या बळात मात्र हॉर्स्ले यांच्या त्या धाडसाचाही वाटा आहे.