आल्फ्रेड नॉयबाउअर

आल्फ्रेड नॉयबाउअर (जन्म : २९ मार्च १८९१, मृत्यू : २२ ऑगस्ट १९८०) हे मर्सिडीज-बेंझ या जर्मन मोटार-शर्यत संघाचे व्यवस्थापक होते. १९२६ ते १९५५ या काळात त्यांनी संघाचे नेतृत्व केले. शर्यत केवळ चालक जिंकत नाही, तर तिच्या मागे नियोजन उभे असावे लागते, हा विचार त्यांनी मोटार-शर्यतींत रुजवला. संघव्यवस्थापक या पदाला त्यांच्यामुळेच आजचे स्वरूप लाभले, असे मानले जाते.

पूर्वायुष्य

नॉयबाउअर यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील नोइटिट्शाइन (आजचे चेक प्रजासत्ताकातील नोव्ही यिचीन) येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते. युद्धानंतर ते फर्डिनांड पोर्शे यांच्यासमवेत ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत काम करू लागले आणि १९२३ मध्ये त्यांच्याबरोबरच श्टुटगार्टच्या डाइमलर कंपनीत आले. १९२४ मध्ये सिसिलीतील तार्गा फ्लोरियो शर्यतीत ते स्वतः चालक होते. मात्र विजय मिळाला तो त्यांचे सहकारी क्रिश्चन वेर्नर यांना. चालक म्हणून आपण पहिल्या पंक्तीतले नाही, हे नॉयबाउअर यांनी ओळखले.

व्यवस्थापकपदाची निर्मिती

जुलै १९२६ मध्ये बर्लिनच्या आव्हुस मार्गावर जर्मन ग्रां प्री झाली. रुडॉल्फ काराचोला यांची मर्सिडीज सुरुवातीलाच बंद पडली. पुढे भर पावसात ते गाडी हाकत राहिले आणि जिंकलेही. परंतु आपण कितव्या स्थानावर आहोत याची त्यांना शर्यत संपेपर्यंत कल्पना नव्हती. चालक मार्गावर एकाकी असतो, ही उणीव नॉयबाउअर यांनी हेरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टजवळील सॉलिट्यूड शर्यतीत त्यांनी निशाणे आणि फलक यांच्या साहाय्याने चालकांना स्थान व अंतर कळवण्यास आरंभ केला. ही पद्धत इतकी अपरिचित होती, की आयोजकांनी त्यांना मार्गावरून दूर होण्यास सांगितले.

इंधन भरणे, चाके बदलणे यांसारख्या कामांचाही ते आधीपासून कसून सराव करून घेत. १९२८ च्या जर्मन ग्रां प्रीत मर्सिडीजने पहिली तिन्ही स्थाने पटकावली. १९३१ मध्ये काराचोला यांनी इटलीतील मिले मिलिया ही हजार मैलांची शर्यत जिंकली. हा मान मिळवणारे ते पहिलेच इटालियनेतर चालक होत.

रुपेरी बाण

१९३४ मध्ये ७५० किलोग्रॅम वजनमर्यादेचा नवा नियम आला आणि मर्सिडीजच्या रुपेरी गाड्या मैदानात उतरल्या. या मोहिमेला नाझी सरकारचे अर्थसाहाय्य होते आणि संघाच्या यशाचा सरकारी प्रचारासाठी उपयोग झाला. या काळाचे मूल्यमापन करताना ही बाजू दृष्टीआड करता येत नाही. वजन घटवण्यासाठी शर्यतीच्या आदल्या रात्री गाड्यांचा पांढरा रंग खरवडला, अशी कथा नॉयबाउअर यांनी पुढे सांगितली. तिच्या सत्यतेविषयी अनेक इतिहासकारांनी शंका घेतली आहे. काराचोला यांनी १९३५, १९३७ आणि १९३८ मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळवले.

पुनरागमन आणि ले मां

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ मध्ये संघ शर्यतींत परतला आणि त्याच वर्षी ले मां येथे पहिल्या दोन स्थानांवर आला. १९५४-५५ मध्ये फॉर्म्युला वनच्या १२ जागतिक अजिंक्यपद शर्यतींपैकी ९ त्याने जिंकल्या. हुआन मान्युएल फांजियो दोन्ही वर्षी जगज्जेते ठरले.

११ जून १९५५ रोजी ले मां येथे संघाचे चालक पिएर लेव्हेग यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत घुसली. लेव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत चालूच राहिली. फांजियो आणि स्टर्लिंग मॉस यांची गाडी आघाडीवर होती. तरीही श्टुटगार्टहून माघारीचा निर्णय येताच नॉयबाउअर यांनी मध्यरात्रीनंतर उरलेल्या गाड्या परत बोलावल्या. आयुष्यभर विजयाची आखणी करणाऱ्या या व्यवस्थापकाला हाती आलेली आघाडी सोडून देण्याची आज्ञा अमलात आणावी लागली.

वारसा

१९५५ च्या अखेरीस कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि नॉयबाउअर यांची कारकीर्द संपली. १९५८ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजचा स्वतःचा संघ २०१० मध्येच पुन्हा उतरला. आज चालकाशी संवाद बिनतारी यंत्रणेने होतो. परंतु शर्यत चालू असताना चालकाला बाहेरून दृष्टी पुरवण्याचे तत्त्व नॉयबाउअर यांच्या फलकांपासून चालत आलेले आहे.