प्योत्र कापित्सा

प्योत्र लिओनिदोविच कापित्सा (८ जुलै १८९४ – ८ एप्रिल १९८४) हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ होते. नीच तापमानाच्या भौतिकीतील संशोधनासाठी त्यांना १९७८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. कंपनाने उलटा स्थिर राहणारा लंबक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

जीवन

कापित्सा यांचा जन्म क्रोनश्टाट येथे झाला. पेट्रोग्राड येथे अब्राम योफे यांच्या हाताखाली त्यांनी संशोधनास आरंभ केला. १९१९-२० च्या रोगराईत त्यांची पत्नी, दोन अपत्ये व वडील मरण पावले. १९२१ साली ते केंब्रिज येथे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १९३४ मध्ये मायदेशी गेले असता सोव्हिएत सरकारने त्यांना परत जाण्यास मनाई केली. मात्र मॉस्कोत त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली. तेथे १९३७ साली त्यांनी द्रवरूप हेलियमची अतिप्रवाहिता शोधून काढली. १९३८ मध्ये लेव लांदाऊ यांना अटक झाली, तेव्हा कापित्सा यांनी थेट वरिष्ठांकडे रदबदली केली आणि स्वतः हमी देऊन वर्षभराने त्यांची सुटका करविली.

अणुबाँब प्रकल्पाचे प्रमुख बेरिया यांच्याशी मतभेद झाल्याने १९४६ साली त्यांचे संचालकपद गेले. मॉस्कोबाहेरील निकोलिना गोरा येथील घरातच त्यांनी साध्या साधनांची प्रयोगशाळा थाटली. पातळ द्रवपटलांवरील लाटा आणि उलटा लंबक यांचा अभ्यास याच काळातील होय. १९५५ मध्ये त्यांना संचालकपद पुन्हा मिळाले.

कंपन आणि तरंगता द्रव

लंबक उलटा उभा केल्यास तो तत्काळ कोसळतो. त्याचा आधारबिंदू वेगाने वर-खाली हलविला, तर मात्र तो सरळ उभा राहतो. ही शक्यता अँड्र्यू स्टीफन्सन यांनी १९०८ साली दाखविली होती. कापित्सा यांनी १९५१ मध्ये तिची सुबोध उपपत्ती मांडली. जलद कंपनांचा सरासरी परिणाम लंबकाला उभ्या स्थितीकडे ढकलतो, असे त्यांनी दाखविले.

द्रवालाही हेच तत्त्व लागू पडते. हवेच्या थरावर द्रव ठेवल्यास त्याच्या खालच्या पृष्ठावरील लहानसा फुगवटाही वाढत जातो व द्रव खाली सांडतो. पात्र पुरेशा वेगाने उभ्या दिशेत कंपित केल्यास हे फुगवटे दबतात आणि द्रव हवेवर तरंगत राहतो. २०२० साली पॅरिसमधील संशोधकांनी अशा द्रवथराच्या खालच्या पृष्ठावर लहान होड्या उलट्या तरंगविल्या.