चित्रातील दोन पुरुष

चित्राखालचे नाव हाताने झाकावे आणि केवळ चेहरा, पोषाख व भोवतालच्या वस्तू यांवरून तो पुरुष कोण असावा याचा तर्क करावा, हा खेळ मनोरंजक तर आहेच, पण इतिहासाच्या अभ्यासासही उपयोगी पडतो. आज आम्ही असेच एक चित्र आपणांपुढे ठेवितो. ते इ. स. १८११ च्या सुमारास रॉबर्ट होम या इंग्रज चित्रकाराने काढिले.

मेजाशी एक युरोपियन गृहस्थ बसला आहे. काळसर कोट, हाती लेखणी, पुढे कागद. कमरेस तलवार नाही की छातीवर पदक नाही. तेव्हा हा सेनापती नव्हे. कोणी म्हणेल, कंपनीचा कारकून असेल. पण टिपूचे पुत्र व लॉर्ड कॉर्नवालिस यांचा प्रसंग ज्याने रंगविला, तो चित्रकार साध्या कारकुनासाठी कुंचला कशास हाती घेईल? शिवाय या गृहस्थाशेजारी एक ब्राह्मण पंडित आहे. लेखणी आणि पंडित, या दोन खुणा एकत्र पाहिल्या म्हणजे नाव सुचते. हे विल्यम केरी.

डोक्याच्या टकलाचीही एक कथा आहे. तारुण्यात दुखण्याने केस गेले म्हणून केरी टोप घालीत. हिंदुस्थानच्या वाटेवर तो त्यांनी समुद्रात भिरकावून दिला, असे सांगतात. त्यांचा जन्म १७६१ साली नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील एका खेड्यात, विणकराच्या घरी झाला. उमेदवारी केली ती चांभारकामाची. जोडे शिवता शिवता ते लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकले. १७९३ त कलकत्त्यास आले आणि काही वर्षे बंगालमधील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होते. १८०० साली डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास त्यांनी बिऱ्हाड नेले, कारण कंपनीस मिशनरी नको होते.

चित्रात न दिसणारे एक दुःखही सांगितलेच पाहिजे. लहानगा मुलगा पीटर १७९४ त वारला आणि पत्नी डॉरोथी हिचे चित्त भ्रमले. १८०७ त ती निवर्तेपर्यंत ते स्थिर झाले नाही. पतीच्या कार्याची किंमत तिने भरली, असे आम्हांस वाटते. चरित्रकार यावरून फार लवकर पुढे जातात.

१८०१ पासून केरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकवू लागले. पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. १८०५ त त्यांचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० त मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी ठशांनी छापलेला. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळाली, ठसे वितळून धातूचे गोळे झाले. त्याच धातूचे नवे ठसे ओतवून आणि जळालेले पुन्हा लिहून त्यांनी काम चालू केले. १८३४ त श्रीरामपुरासच ते वारले. एकेचाळीस वर्षांत स्वदेशी एकदाही गेले नाहीत.

आता दुसरा पुरुष. केरींच्या कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ हेच हे, असा तर्क मराठी वाचकास गोड वाटेल. परंतु आवडीवरून केलेला तर्क तो तर्कच नव्हे. चित्रातील पंडित म्हणजे मृत्युंजय विद्यालंकार, अशी जुनी समजूत आहे, आणि ती सयुक्तिक दिसते. बंगाली विभागाचे ते मुख्य पंडित होते, केरींशी त्यांचा सहवास निकटचा होता, आणि सती जाणे शास्त्राने आवश्यक ठरविलेले नाही, असा अभिप्राय देण्याइतके त्यांचे मन स्वतंत्र होते. १८१९ त त्यांचे देहावसान झाले.

वैजनाथांना शोधावयाचे तर चित्र सोडून पुस्तकांकडे वळावे लागते. केरींच्या व्याकरणास व कोशास त्यांचे साह्य झाले, आणि पुढे सिंहासनबत्तिशी व हितोपदेश ही त्यांची मराठी पुस्तके श्रीरामपूरच्याच छापखान्यातून निघाली.