एकावन्नाव्या वर्षी उघडलेलं दार

मैत्रिणींनो, शाळेतली 'खरी कमाई' आठवते ना? निळ्या गणवेशातल्या गाईडच्या मुली शाळेच्या पटांगणात भेळ, सरबत, इडलीचे स्टॉल लावतात. आपण कौतुकानं दोन प्लेट जास्तच घेतो. कुणाच्या घरून शेगडी येते, कुणाच्या घरून पातेली, आणि संध्याकाळी गल्ल्यातली चिल्लर मोजताना मुलींचे चेहरे काय फुललेले असतात! पण मुलींना असं घराबाहेर काढून, हाताला काम देऊन शहाणं करायचं, हे कुणाकुणाला सुचलं असेल? त्या मोजक्या बायकांपैकी एकीची ही गोष्ट. नाव ज्युलिएट गॉर्डन लो. घरातले तिला लाडानं 'डेझी' म्हणायचे.

डेझीचा जन्म ३१ ऑक्टोबर १८६० चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातला. वडील कापसाचे मोठे व्यापारी. घर श्रीमंत, सहा भावंडं. मुलगी चित्रं काढायची, नाटुकली लिहायची, झाडावर चढायची आणि रस्त्यावरची मांजरं-कुत्री घरी आणायची. तिचा धांदरटपणा घरात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता.

लहानपणी तिनं बहिणींना जमवून शिवणकामाचं एक मंडळ काढलं. इटलीतून आलेल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी कपडे शिवायचे, असा बेत. मंडळाच्या नावातच मदतीच्या हातांचा उल्लेख होता. हौस दांडगी, पण शिवण कुणालाच धड येत नव्हती! मुलांनी कपडे घातले आणि टाके उसवून ते अंगावरच सुटले. मग भावानं मंडळाच्या नावाची यथेच्छ टिंगल केली. गोष्ट हसण्यासारखी आहे, पण गाईडच्या ताईंनी लक्षात ठेवण्यासारखीही आहे. सेवा करायची तर आधी आपले हात तयार हवेत. मुलींना आधी बटण लावायला, उसवलेलं शिवायला शिकवा. जुन्या साड्यांच्या बाजाराच्या पिशव्या त्यानंतर.

पुढे रीतीप्रमाणे चांगल्या घरच्या मुलींच्या शाळा झाल्या. अदब, फ्रेंच, नाच, चित्रकला. म्हणजे लग्नाची तयारीच म्हणा ना! मधेच, पंचविशीच्या आत, तिचा एक कान दुखू लागला. चांदीच्या एका क्षाराचा नवा उपचार तिनंच हट्टानं करून घेतला आणि त्या कानाचं ऐकणं बरंचसं गेलं.

२१ डिसेंबर १८८६ रोजी तिचं लग्न झालं. आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाचाच मुहूर्त तिनं धरला होता. नवरा विल्यम लो हा इंग्लंडमध्ये वाढलेल्या, गडगंज घरातला. आपल्याकडे अक्षता टाकतात, तसे तिकडेही नव्या जोडप्यावर तांदूळ उधळतात. त्यातला एक दाणा नेमका तिच्या चांगल्या कानात गेला. तो काढताना पडद्याला इजा झाली आणि तो कानही गेला. संसाराची सुरुवातच अशी!

नवऱ्यानं इंग्लंडमध्ये मोठं घर घेतलं. शिकारी, मेजवान्या, नोकरचाकर, सगळं होतं. मूल मात्र झालं नाही. नवऱ्याचं दारू आणि जुगारात लक्ष, घरी असण्यापेक्षा बाहेरच जास्त. डेझी एकटी पडली. पण तिनं हाताला चाळा लावून घेतला. लाकडावर कोरीवकाम केलं, चित्रं काढली. एवढंच काय, भट्टीपाशी उभं राहून लोहारकाम शिकली आणि स्वतः लोखंड ठोकून घरासाठी फाटकं घडवली. ती फाटकं नंतर सव्हानातल्या एका बागेत नेऊन बसवली. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध झालं, तेव्हा ती माहेरी आली आणि आईबरोबर आजारी सैनिकांची शुश्रूषा केली. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, हे समाधान तिला त्या दिवसांत मिळालं असावं.

संसार मात्र सावरला नाही. नवरा दुसऱ्या बाईत गुंतला. घटस्फोटाची बोलणी चालू असतानाच १९०५ मध्ये तो वारला. मृत्युपत्र उघडलं, तर इस्टेट त्या बाईच्या नावावर! डेझी रडत बसली नाही. तिनं दाद मागितली, वाद घातला आणि शेवटी तडजोडीत आपला वाटा मिळवला. त्यात सव्हानातलं सासरचं घरही होतं. पैशाचा प्रश्न सुटला, पण दिवस कसा घालवायचा हा प्रश्न तसाच राहिला. वय पंचेचाळीस. नवरा नाही, मूल नाही, कान गेलेले. पुढची काही वर्षं ती नुसती इकडून तिकडे फिरत राहिली.

१९११ मध्ये इंग्लंडमध्ये तिची गाठ रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याशी पडली. मुलांसाठी स्काऊटची चळवळ त्यांनीच सुरू केली होती. १९०९ मध्ये लंडनला स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून तिथे हजर झाल्या होत्या. मग मुलींसाठी 'गर्ल गाईड्स' निघाली आणि बेडन-पॉवेलांची बहीण ॲग्नेस ती पाहू लागली. डेझीला हे काम मनापासून भावलं.

त्याच उन्हाळ्यात ती स्कॉटलंडमध्ये ग्लेन लायनच्या डोंगराळ खोऱ्यात राहत होती. तिथल्या सात मुलींना तिनं जमवलं. एक तर कित्येक मैल चालत यायची! गाठी, नकाशा वाचणं, प्रथमोपचार, स्वयंपाक हे सगळं डेझीनं शिकवलंच. पण तिच्या ध्यानात आलं, की घरची गरिबी असल्यामुळे या पोरी लवकरच शहरातल्या कारखान्यांत जाणार. मग तिनं त्यांना कोंबड्या पाळायला आणि लोकर कातायला लावलं, आणि ती लोकर लंडनमध्ये विकली जाईल अशी सोय केली. खेळाबरोबर चार पैसेही हातात आले. म्हणजे खरी कमाईच की!

१९१२ च्या सुरुवातीला ती सव्हानाला परतली आणि लगेच ओळखीच्या घरांतल्या मुली गोळा करायला लागली. १२ मार्च १९१२ रोजी अठरा मुलींची पहिली नोंद झाली. तेव्हा डेझीचं वय होतं एक्कावन्न! घराच्या आवारातली घोडागाडी ठेवायची जागा झाली चळवळीचं पहिलं कार्यालय. समोरच्या मोकळ्या जागेत मुली बास्केटबॉल खेळायच्या. ढगळ विजारी घालून पळणाऱ्या मुली येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नयेत, म्हणून मैदानाला कापडाचे पडदे लावले होते. आज हसू येतं, पण पडदे लावून का होईना, मुली खेळल्या, हे महत्त्वाचं.

१९१३ मध्ये संघटनेचं नाव 'गर्ल स्काऊट्स' झालं. त्यांच्या पुस्तकात स्वयंपाक आणि बाळाची निगा यांचे बिल्ले होतेच, पण वीजकाम, मोटार आणि विमानविद्या यांचेही होते. अमेरिकेतल्या सगळ्या बायकांना अजून मतदानाचा हक्कही मिळाला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. पैसे कमी पडले, तेव्हा १९१४ मध्ये डेझीनं आपली मोत्यांची माळ विकली आणि खर्च भागवला. वर्गणी मागायला गेलं की कुणी नाही म्हणालं, तर तिला ते ऐकूच यायचं नाही! बहिरेपणाचा असा उपयोग तिनं पुरेपूर केला. एकदा टोपीला फुलांऐवजी खरी गाजरं आणि कोथिंबिरीसारखा पाला खोचून ती मेजवानीला गेली, आणि पैसे नसल्यानं हीच सजावट परवडते, असं सगळ्यांना भासवलं. नव्या गणवेशाचे बूट दाखवायला तर भर बैठकीत डोकं खाली, पाय वर करून उभी राहिली!

पहिल्या महायुद्धात या मुलींनी परसबागा लावल्या, युद्धकर्जाचे रोखे विकले. वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना लागणारा कोळसा बनवायला पीच फळाच्या कोयासुद्धा गोळा केल्या. १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या मुलींनी बिस्किटं भाजून शाळेत विकली. पुढे हीच बिस्किटविक्री अमेरिकाभर प्रसिद्ध झाली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. हे दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. सव्हानातल्या त्या पहिल्या मुली गोऱ्या होत्या. काळ्या मुलींची वेगळी पथकं १९१७ पासून निघू लागली, पण एकत्र बसायला कित्येक दशकं जावी लागली. अपंग मुलींसाठी मात्र १९१७ मध्येच न्यूयॉर्कला पथक निघालं होतं. आपल्या गाईडच्या ताईंनी हे वाचून एकदा आपल्या पथकाकडे पाहावं. वस्तीवरची, पाड्यावरची, नीट ऐकू न येणारी मुलगी त्यात आहे का?

१९२० मध्ये डेझीनं अध्यक्षपद सोडलं. १९२३ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. तिनं ते दुखणं लपवून ठेवलं आणि काम चालू ठेवलं. १९२६ मध्ये गाईड चळवळीची जागतिक परिषद अमेरिकेत भरावी, ही तिची इच्छा पूर्ण झाली. याच परिषदेत २२ फेब्रुवारी हा चिंतन दिन ठरला. १७ जानेवारी १९२७ रोजी सव्हानातच ती गेली. गणवेशातच तिला निरोप देण्यात आला. सहकाऱ्यांनी पाठवलेली कौतुकाची तार गणवेशाच्या खिशात होती. अठरा मुलींच्या जागी तोवर दीड लाखाहून जास्त मुली झाल्या होत्या. २०१२ मध्ये अमेरिकेनं तिला मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला आणि २०२५ मध्ये पाव डॉलरच्या नाण्यावर तिची छबी आली.

आपल्याकडे ही चळवळ १९११ मध्येच जबलपूरला आली होती. १९६६ मध्ये पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' हे गाईडचं जागतिक केंद्र सुरू झालं. त्याचं उद्घाटन करायला बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह स्वतः आल्या होत्या. मुलींना घेऊन जाता आलं, तर जरूर जा.

गाईडच्या ताईंनो, हे करून बघा

• खरी कमाईचा हिशेब मुलींनाच ठेवू द्या. सामान किती रुपयांचं, विक्री किती, उरले किती. उरलेल्या पैशांचं काय करायचं, हेही त्यांनीच मिळून ठरवावं.

• उन्हाळ्यात चिंच, जांभूळ, कडुनिंबाच्या बिया गोळा करा. पावसाच्या तोंडावर रोपं तयार करा आणि कोणत्या मुलीनं कोणतं रोप सांभाळायचं, तेही वाटून द्या.

• कानात काडी, पिन, तेल घालू नये, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून समजून घ्या आणि वस्तीत घरोघर सांगा. जवळ मूकबधिर शाळा असेल, तर तिथल्या मुलांकडून खुणांची भाषा शिका.

• सायकलचं पंक्चर काढणं, गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, घरातला मेन स्विच ओळखणं. प्रत्येक मुलीला हे आलंच पाहिजे.

• वर्षातून एक बैठक आयांसाठी ठेवा. स्तनाच्या कर्करोगाबद्दल आरोग्यसेविकेला बोलायला सांगा. डेझीनं दुखणं लपवलं, आपण लपवू नये.

आणि मैत्रिणींनो, मुलं शिकायला बाहेरगावी गेली, दुपार खायला उठते, असं तुम्हालाही होत असेल, तर जवळच्या शाळेत जाऊन गाईडच्या पथकाची चौकशी करा. पथक असेल तर बाईंना हात द्या, नसेल तर काढायला काय लागतं ते विचारा. डेझीनं सुरुवात केली, तेव्हा तिचीही पन्नाशी उलटली होती!