रक्ताची साक्ष

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ साली व्हिएन्ना येथे झाला. वडील लवकर वारले. मातेने त्यांना वाढविले.

एकाच्या रक्तजलात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या, की कधी त्यांचे पुंजके होत. हे रोगाचे लक्षण, असे पुष्कळ वैद्यांस वाटे. लँडस्टायनरांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे, म्हणजे धडधाकट माणसांचेच, रक्त तपासले. पुंजके तेथेही झाले! त्यातूनच १९०१ साली रक्तगट उमगले.

परंतु रक्ताची प्रत्येक तऱ्हा निरुपद्रवी नसते. थंडी बाधताच काहींना लाल लघवी होई. त्यांच्या रक्तजलातील एक द्रव्य गारठ्यात स्वतःच्याच पेशींना चिकटते आणि ऊब मिळताच त्या फुटतात, हे त्यांनी डोनाथ यांच्यासह १९०४ साली दाखविले. अशा बहुतेकांच्या अंगी उपदंश मुरलेला असे.

१९४३ साली न्यूयॉर्क येथे, प्रयोगशाळेत काम करीत असतानाच, त्यांना हृदयविकाराने गाठले.